चिंच-मिठाने उजळलेले सूर

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. आणि सांगण्यासारखं तरी काय आहे त्यात? पितळ घासलं, एवढंच. पण कोणतं पितळ, आणि कशासाठी — तिथेच जीभ अडते.

वरोरला माझा चुलतभाऊ राहतो, जयेश. काकांची पेटी — हार्मोनियम — त्याच्याकडे असते. वाजवायला काकांनी शिकवलं ते मला. वीस-बावीस वर्षं भजनात मी पेटीवर, जयेश गायला. पेटी आतून कशी साफ करायची तेही काकांनीच दाखवलं होतं. आतल्या पितळी पट्ट्यांवरची धूळ कोरड्या ब्रशने झाडायची, बस. पाण्याचा थेंब लागू द्यायचा नाही. सूर त्या पट्ट्यांत असतो.

एका हनुमान जयंतीला, सगळ्या मंडळींसमोर, जयेशने माझ्यापुढची पेटी उचलून आपल्या मेव्हण्यापुढे ठेवली. "दादा, तू आता टाळ धर," म्हणाला. आणि वर हसत, "तुझी पेटी ऐकून चिकूवरची वटवाघळंसुद्धा पळतील. वाडीवाले पगार देऊन ठेवतील तुला!" मंडप हसला. मीही हसलो. टाळ धरला. लाज वाटली? नाही. त्याच क्षणी मी काहीतरी ठरवलं होतं. काय, ते मला तेव्हा ठाऊक नव्हतं.

पावसाळ्यानंतर जयेश रिक्षाने पेटी घेऊन आमच्या आशागडच्या घरी आला. "साफ करून दे, दादा. दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाही मी." असं म्हणाला — तोच माणूस!

दुपारी घरी कुणी नव्हतं. मी पट्ट्या एकेक सोडवल्या. देवाची भांडी घासायची तीच चिंच, तेच जाडं मीठ. बोटांनी चोळलं, पट्टी जिथे जडवलेली असते त्या फटीत मुद्दाम दाबून भरलं. वरवर पुसलं, धुतलं मात्र नाही; आंबट-खार आत तसाच राहू दिला. सोन्यासारख्या लखलखल्या. एवढं मन लावून मी आयुष्यात काही घासलं नव्हतं. आणि गुणगुणत होतो — काकांनी शिकवलेलंच भजन. हे लिहायला नको होतं का? पण तसंच झालं.

जयेशने झाकण उघडून पाहिलं. "वा दादा, नवी केलीस!"

दिवाळी सरली तोवर पट्ट्या हिरव्या पडल्या होत्या. निम्मे सूर मुके, उरलेले बेसूर. डहाणूच्या कारागिराने हात टेकले. माझ्यावर संशय कुणाला येणार? वरोरला समुद्र दारात, तिथे सायकलसुद्धा गंजते. जयेशने गाणं सोडलं. बापाच्या पेटीशिवाय नको म्हणाला. भजनही मोडलं. मला वाईट वाटलं असेल, असं वाटतं ना तुम्हाला? मी त्या दिवशी दोन घास जास्त जेवलो.

परवा त्याच्याकडे गेलो होतो. पेटी गोधडीत गुंडाळून, खिडकीपासून लांब ठेवलेली. आता उपयोग नाही, तरी. तिच्यावर हात ठेवून तो म्हणाला, "माझीच चूक, दादा. खिडकीशी ठेवायला नको होती. बाबा असते तर बोलले असते मला."

मी म्हणालो, "हो. खारी हवा वाईट."

त्याचे डोळे भरले होते. आणि मला — इतक्या वर्षांनीही — गोड लागलं.