माझं लुगडं ब्राझीलला गेलं

आमच्या तांबडीला माझ्याशिवाय कुणाचा हात चालत नसे. काठेवाडी गाय ती. कपाळ फुगीर आणि कान पानासारखे गुंडाळलेले, खाली लोंबणारे. सासऱ्यांनी एका फिरत्या गवळ्याकडून ती लहान कालवड असताना घेतली होती. त्याच साली मी लग्न होऊन हिर्डोशीच्या अंगाला या घरात आले, म्हणून तिचं चारापाणी, शेण, पुढे धार, सगळं माझ्याकडेच आलं. घरात मी फारसं बोलत नसे. जे बोलायचं ते तिच्या कासेपाशी बसून बोलायची.

मी माहेरी आंबवड्याला गेले की मात्र पंचाईत व्हायची. मग आमचे मालक माझं रोजचं जांभळं लुगडं अंगाभोवती घ्यायचे, डोक्यावर पदर ओढायचे आणि तोंडातून शब्द न काढता धारेला बसायचे. बाईच्या हाताची सवय झालेल्या गाईला आमच्याकडे असंच फसवतात. लुगड्याचा वास ओळखीचा लागला की ती पान्हा सोडते. सासूबाई दारातून त्यांचीच थट्टा करायच्या, "धार झाली की दळान बी टाक गं बाई. चांगल्या वळनाची सून मिळाली मला!"

एका उन्हाळ्यात भोरच्या बाजूने मुंबईचा एक व्यापारी गुरं बघत आला. ब्राझीलला काठेवाडी गुरांना फार मान आहे, तिकडच्या एका धन्यासाठी तो गुरं जमवत होता. तांबडी त्याच्या डोळ्यांत भरली. तिच्यापाशी तेव्हा लहान वासरू होतं. वासरासकट गाय हवी आणि बोटीवर तिची धार काढायला घरचा माणूस हवा, असं तो म्हणाला. मालक लगेच तयार झाले.

ब्राझील कुठे आहे हे आमच्या घरात एकट्या मला माहीत होतं. चौथीत असताना गुरुजींनी पृथ्वीचा गोल आणला होता. तो फिरवून त्यांनी आम्हाला अगदी पलीकडची बाजू दाखवली आणि सांगितलं, आपल्याकडे पाऊस सरतो तेव्हा तिकडे वसंत लागतो. मालक शाळेत गेलेच नव्हते. त्यांना तो देश म्हणजे मुंबईच्या जरा पुढे वाटत होता.

मी सगळा धीर गोळा करून गोठ्यात त्यांना म्हटलं, "धार तर मी काढते. मग मला न्यायला काय झालं?"

ते हसले. "बोटीवर बायामानसं कुठं असत्यात व्हय? आन् तू आलीस तर भात कोन लावंल? तुजं लुगडं दे, तेवढ्यावर भागंल."

मी लुगडं घडी करून दिलं. धुऊ नको म्हणाले, वास जाईल. आषाढात मालक, तांबडी, तिचं वासरू आणि माझं लुगडं, असे चौघे निघाले. गोठ्यात मी आणि तांबडीची थोरली कालवड तेवढ्या मागे राहिलो.

त्या सालचा भात मी लावला, बेणला आणि कापला. चिखलात वाकलेली असताना मनात सारखा तो गोल फिरायचा. आता बोट कुठे असेल, आता तिकडे झाडं फुलली असतील. गाईचासुद्धा हेवा वाटायचा. पाठीवर माझा हात फिरल्याशिवाय जी पाणी पीत नसे, ती समुद्र बघून गेली, आणि मी पुणेदेखील पाहिलं नव्हतं.

मार्गशीर्षात मालक परत आले. अंगाने भरले होते. गाव ओट्यावर जमला. मी आत चुलीपाशी बसून ऐकत होते.

"भादव्यात पोचलो," ते सांगत होते. "आपल्याकडं पितरं जेवाया घालत्यात, आन् तितं शिमग्यावानी समदं फुललेलं! झाडाला पान म्हनून एक न्हाई. नुसती पिवळी फुलं. आपला पळस पेटतो ना, तसा, पर हळदीचा. खाली सडा पडलाय, आन् आपली तांबडी त्यातनं चालतीया. सकाळचं गार, दुपारचं ऊन कोवळं."

"भादव्यात शिमगा? थापा मारू नगंस," कुणीतरी म्हणालं.

थापा नव्हत्या. मी आतून ते सांगू शकले असते, पण बाहेर एवढे पुरुष बसलेले, मला बोलवेना. मला ठाऊक असलेला वसंत त्यांच्या डोळ्यांनी बघून झाला होता.

गाव पांगल्यावर मी त्यांची वळकटी सोडली. आत माझं लुगडं नव्हतं. एक लोकरीची शाल होती, तांबड्या-काळ्या पट्ट्यांची, जाड.

"अवो, लुगडं कुठं हाय?"

"ते व्हय, तितंच ऱ्हायलं. त्या धन्याच्या गोठ्यात एक बाई धार काढती. तांबडी तिला जवळ करंना. म्या निघाल्यावर दूध कोन काढनार? मग दिलं तिला लुगडं."

"ती नेसली माझं लुगडं?"

"तिला कुठं येतंय? म्या दावलं कसं घ्याचं ते."

"कसं दावलं?"

सासूबाई कोपऱ्यात सुपारी कातरत होत्या, त्या थांबल्या.

"आता कसं म्हंजे! खांबाला गुंडाळून दावलं."

"खांबाला?"

"खांबालाच. देवाची आन घेऊ? ती हातवारं करून इचारत व्हती, ह्ये कुनाचं. म्या कपाळाला बोट लावलं, कुकू लावत्यात तसं. मंग हासली आन् सोताची शाल काढून दिली. म्हनं तिला दे."

सासूबाई म्हणाल्या, "खांब नशिबवान हाय म्हनायचा." आणि पुन्हा सुपारी कातरायला लागल्या.

ती हसली, हे त्यांनी सांगायला नको होतं. दिसायला कशी, वयाने केवढी, हे मी विचारलं नाही, पण रात्रंदिवस ती मला दिसायची. पिवळ्या फुलांच्या सड्यात माझं जांभळं लुगडं घेऊन बसलेली, आणि माझी तांबडी तिच्यापाशी निवांत रवंथ करत असलेली. माझ्या अंगाचा वास अंगावर घेऊन ती माझी गाय पिळत होती.

ती शाल मी अंगाला लावली नाही. थंडी पडली होती, मी ती उचलली आणि गाभण कालवडीच्या पाठीवर झुलीसारखी टाकली.

"अगं, साता समुद्रापल्याडची शाल गुराला?" सासूबाई म्हणाल्या.

"तिला गारठा बाधतो," मी म्हटलं.

मला बरं वाटलं. त्या बाईची शाल शेणात लोळली की माझं समाधान. शिवाय ही कालवड तर माझीच होती, हिने समुद्र पाहिला नव्हता, कुणाची फुलं तुडवली नव्हती. ही माझ्याच हाताखाली विईल, माझ्याच हाताला पान्हा सोडेल, एवढंच मी धरून बसले होते.

माघात ती व्याली. मी शाल काढून वळणीच्या दोरीवर टाकली, दुसरं लुगडं नेसून चरवी घेऊन बसले. तिने लाथ मारली. मी तांबडीशी बोलायची तसं बोलले, पाठ थोपटली, वासरू तोंडापुढे आणलं. कासेत दूध दाटलेलं, पण पान्हा सोडेना. मान वळवून वळवून ती वळणीकडे बघत होती आणि हंबरत होती.

सासूबाईंच्या ध्यानात माझ्याआधी आलं. "दोन महिने पाठीवर कुनाचा वास घेऊन निजली ती? घे ती शाल अंगावर आता."

मी तशीच बसून राहिले. पण वासरू भुकेलं होतं आणि कालवडीची कास तटतटली होती. शेवटी उठले, वळणीवरून शाल ओढली आणि खांद्यांवर घेतली. तिच्यात शेण, गोमूत्र आणि त्याखाली कसलातरी गोडसर परका धुरकट वास होता. मी बसले. कालवडीने माझा खांदा हुंगला, श्वास सोडला, आणि पहिली धार चरवीत वाजली.

सासूबाई ओट्यावरून म्हणाल्या, "बाई गं, ब्राझीलची पावनी आली वाटतं आमच्याकडं!"

मालक हसू दाबत गव्हाणीत चारा टाकत होते. मी त्यांच्याकडे बघितलं नाही.

तेव्हापासून रोज दोन्ही वेळा ती शाल घेतल्याशिवाय मला धार काढता येत नाही. उन्हाळ्यातसुद्धा. घामाच्या धारा लागतात आणि मी मनात म्हणते, त्या बाईला मात्र नुसतं सुती लुगडं. ते विटकं होतं, काठाशी विरलेलं होतं, ते आता फाटलं असेल. फाटलं असेल तेव्हा गाय आपसूक तिची झाली असेल.

ही शाल मात्र फाटायचं नाव घेत नाही.