बंकरमधला गडी

गेल्या महिन्यातल्या पहिल्या मंगळवारी सकाळी कुंडलजवळच्या आमच्या ओढ्यातले किडे विषानं मारले गेले. मारणारा माणूस मला आवडतो, म्हणून नाव छापत नाही.

फौजेतून निवृत्त झालेले काका आहेत ते. ओढा जिवंत आहे का हे बघायला आम्ही दर महिन्याला तळाचे दगड पायानं ढवळतो आणि सुटणारे किडे जाळीत धरून पांढऱ्या ट्रेमध्ये तपासतो. काका पॅन्ट दुमडून हजर असतात. अंगाभोवती खड्यांचं घर बांधणारी अळी दिसली की म्हणणार, “ह्यो बघ, बंकरमधला गडी!” मग तिला स्वतःच्या हातानं पाण्यात सोडणार.

त्या मंगळवारी ट्रेमध्ये काहीच हललं नाही. थोडं वरच्या अंगाला, जिकडून पाणी येतं तिथं, काकांचा फवारणीचा पंप नुकताच धुऊन उपडा ठेवला होता. मी भडकले.

“व्हातं पाणी हाय गं पोरी, जातंय पुढं.”

“आवं काका, पुढं बी आपलाच वढा हाय न्हवं?”

काकांनी ट्रेमधली मेलेली अळी उचलून तळहातावर घेतली. चुकलं म्हणाले नाहीत. ते त्यांना जमत नाही. पण तेव्हापासून काका पाणी उसात नेऊन तिथंच पंप धुतात, ते धुवण उसावरच फवारतात आणि पंप घेऊन ओढ्याकडं येणाऱ्यावर ओरडतात, “माघारी फीर गड्या!”

काल जाळीत पुन्हा जिवंत अळ्या आल्या. काका लय खूश होते, मीही.

आता तुम्ही. तुमचा पंप आजपासून रानातच धुवा.