स्वातीचा रंग

माणसाची पारख ताऱ्याच्या रंगावरून करणारे जगात एकच गृहस्थ होऊन गेले, आणि ते नेमके माझे सासरे निघाले. सारा जन्म अंबडच्या कारखान्यात भट्टीवर गेलेला. लोखंड किती तापलंय, हे नुसत्या रंगावरून सांगायचे. निवृत्त झाल्यावर भट्टी सुटली, सवय सुटली नाही. उन्हाळ्यात कोणी जेवायला आलं, की हात धुतल्याबरोबर त्याची वरात गच्चीवर. सप्तर्षींच्या शेपटीचा बाक तसाच पुढे नेत स्वाती दाखवायचा आणि विचारायचं, "रंग कोणता?" "नारंगी" म्हणणाऱ्याला आंब्याची जास्तीची फोड. नणंदेला बघायला आलेला एक चांगला इंजिनिअर मुलगा "निळसर" म्हणाला, तर सुपारी फुटता फुटता राहिली.

घरात मात्र त्यांना कोणी जुमानत नव्हतं. सासूबाई वाळवण गोळा करता करता मान वर करायच्या आणि दरवेळी एकच सांगायच्या, "पांढराय."

"अगं, सूर्याच्या कितीतरी पट मोठा, पण त्याच्याहून थंड आहे तो. थंड म्हणून नारंगी. पांढरा असता तर तापट असता."

"म्हणजे तुमच्यासारखा," एवढं बोलून त्या जिना उतरायच्या. मला वाटतं, त्या दोघांचं एकमेकांशी मनापासूनचं बोलणं तेवढंच होतं.

दोन हजार सालाच्या सुमारास सासूबाई गेल्या. त्या उन्हाळ्यात सासरे गच्चीवर चढलेच नाहीत. पुढच्या वर्षी त्यांच्या एका डोळ्याचा मोतीबिंदू काढला. मग एका संध्याकाळी मी कपडे काढायला वर गेले, तर सासरे एकदा हा डोळा झाकताहेत, एकदा तो.

"जुन्या डोळ्यानं जर्द नारंगी, नव्यानं जवळजवळ पांढरा," मला म्हणाले. "तिचं खरं होतं की काय गं?" हसायला गेले आणि तसेच कठडा धरून उभे राहिले.

दुसऱ्या डोळ्याची तारीख त्यांनी दरवेळी मोडली. माझा नवरा चिडला, तेव्हा सासरे शांतपणे म्हणाले, "तोही धुऊन काढला, तर तिच्याशी भांडायचं कोणी?" पुन्हा कोणी विषय काढला नाही.

तो डोळा हळूहळू पार गढुळला. शेवटच्या उन्हाळ्यात मी हात धरून त्यांना वर नेलं. जुन्या डोळ्यानं बराच वेळ शोधलं, मग नवा उघडून म्हणाले, "पांढराच. जिंकली ती." स्वाती नारंगी आहे, हे पुस्तकात लिहिलेलं त्यांना तोंडपाठ होतं.

आता गच्चीवर वाळवण मी घालते. पाहुण्यांना रंग विचारत नाही. चुकून कोणी पांढरा म्हणालं, तर मला रडू आवरायचं नाही.