मिठाच्या डब्यातला निळा खडा

मी चौथीच शिकले, त्यामुळं अक्षर किरटं आहे आणि शुद्धलेखन चुकेल, त्याची आधीच माफी मागते. आज पुडीतल्या बेदाण्याला गंधकाचा वास आला आणि जतहून सांगलीला बेदाणा निवडायला आले, तो पहिला महिना आठवला. शेडच्या पत्र्यातल्या भोकांतून ऊन यायचं आणि हिरवे बेदाणे काचेसारखे चमकायचे. माझ्या बोलण्यात कानडी येतं म्हणून हसतील या भीतीनं मी गप्पच असायची. बायका मला मुकी म्हणायच्या. एकटं वाटायचं. जेवणाच्या सुट्टीत सगळ्या एका मोबाईलवर परग्रहावरच्या माणसांची मालिका बघायच्या. ती माणसं धुक्यासारखी घरात उतरायची, डब्यातलं मीठ न्यायची आणि जाताना डब्यात एक निळा खडा ठेवायची. कशासाठी, यावर वाद चालायचा. “इख असणार त्यात, मीठ खाणारा मरंल,” एक म्हणाली. “आपल्याला भुलवायला गं,” दुसरी म्हणाली. शेवटी माझ्या तोंडून निघालंच, “शेजारणीची वाटी आपण कधी रिकामी परत देतो का? तसंच असंल.” सगळ्यांचे घास थांबले. मग एक म्हातारी हसली, “आगं बया, मुकीला वाचा फुटली की!” पुढच्या भागात त्याच खड्यांतून आग निघून गाव जळालं. “बघ तुझ्या शेजारणी!” म्हणून सगळ्या माझ्यावर तुटून पडल्या, पण त्या दिवसापासून रोज मलाच विचारायच्या, “आता काय करतील गं त्या?” मला अजूनही वाटतं, आग लागेल हे त्यांना ठाऊक नसेल. त्यांच्याकडं द्यायला तेवढंच असेल.