माझा बाप माझ्या पाया पडतो

"पुसून ये ते."

सरांनी नळाकडे बोट दाखवलं. पाचवीचा वर्ग. दसऱ्याचा दुसरा दिवस. पोरं रांगेत उभी, प्रत्येकाच्या हातात आपट्याचं पान. सरांना सोनं द्यायचं, पाया पडायचं आणि जागेवर जाऊन बसायचं. माझी पाळी आली. मी पान दिलं, पण पाया पडले नाही. ताठ उभी राहिले.

माझ्या कपाळभर टिळा होता. दही, तांदूळ आणि लाल रंग कालवून आईने भुवयांपासून केसांपर्यंत थापलेला. कानावर गव्हाचे पिवळे कोंब खोवलेले. आम्ही नेपाळचे. आमच्याकडे दसऱ्याचा हा टिळा धुवत नाहीत. कोजागिरीपर्यंत तो वाळून आपोआप गळून पडतो. त्या सकाळी आरशात बघून मला वाटलं होतं, आज वर्गात सगळ्यांत छान मीच दिसणार.

मागून एक पोरगा म्हणाला, "सर, हिचं टकुरं फुटलंय बगा. लई रगत हाय."

वर्ग हसला. सरही हसले. हसू थांबल्यावर त्यांचं लक्ष माझ्या ताठ पाठीकडे गेलं.

"आणि पाया कोण पडणार? तुझा बाप?"

पुन्हा हशा. मग ते नळाचं वाक्य.

मी गेले. नळाखाली डोकं धरलं. कपाळावरचे तांदूळ एकेक करून मोरीत जाताना दिसत होते. आईने ते तांदूळ निवडून घेतले होते, एकही तुटका चालत नाही म्हणून. रंग काही निघेना. मी बाहीने कपाळ घासघासून सोललं. परत आले तर सरांनी कानावरचे कोंब उपटले. "हे गवत कशाला खोवलंय?" म्हणाले आणि कचऱ्याच्या डब्यात टाकले.

सरांच्या शर्टाच्या खिशाला तेच गवत होतं. घटाचा तुरा. गावाकडच्या पोरांनी सकाळीच सोन्याबरोबर दिलेला, पिवळाधमक, खिशातून वर आलेला. मी त्या खिशाकडे बघतच राहिले. म्हणजे यांच्याकडेही हे असतं? मग माझं डब्यात का?

सरांनी माझ्या मानेवर हात ठेवून दाबला. "वाक."

मी वाकले नाही. माजोरडी होते म्हणून नाही. मला खरंच कळत नव्हतं की मी का वाकायचं.

सर मूळचे पारनेरकडचे. रागावले की त्यांची शाळेतली मराठी सुटायची. "लई शेफारली हाय ही. उद्या बापाला घिऊन ये," म्हणाले.

बापाला आणायला लांब जायचं नव्हतं. सर नगरात ज्या कॉलनीत राहायचे, तिच्याच फाटकावर माझा बाप वॉचमन होता. अजूनही आहे. फाटकाशेजारच्या एका खोलीत आम्ही तिघं राहतो. आई कॉलनीत धुणीभांडी करते. सरांच्या घरीसुद्धा. दसऱ्याला पेरायला जव मिळेनात, तेव्हा सरांच्याच बायकोने तिला मूठभर गहू दिले होते. त्यांच्या पारनेरच्या शेतातले. त्याच पोत्यातले गहू त्यांनी त्यांच्या घटात पेरले, आईने आमच्या खोलीत टोपलीखाली अंधारात पेरले. दोन्हीकडे सारखेच कोंब आले. तिकडे त्याला देवीचा प्रसाद म्हणाले आणि इकडे गवत. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, ही म्हण मी पुढे शिकले. अर्थ मात्र कुणी समजावून द्यावा लागला नाही.

बापाला सगळी कॉलनी 'बहादूर' म्हणते. ते त्याचं नाव नाही. आधीचा वॉचमनही बहादूर होता, त्याच्या आधीचाही. खुर्चीबरोबर नाव मिळतं. शहराचं नाव बदललं तेव्हा कॉलनीच्या फाटकावरची पाटीसुद्धा नवी लागली. त्या पाटीखाली बसणाऱ्या माणसाचं खरं नाव काय, हे विचारायला कुणाला सुचलं नाही.

मी शाळेत आले तशी बहादूरची पोरगी झाले. तिकडे डोंगरात मी वर्गात पहिली यायची. इथे मराठी येत नाही म्हणून मला एक वर्ग खाली बसवलं. मी दारातून आत आले की पोरं शिट्टी वाजवायची आणि कडक सॅल्यूट ठोकायची, "जी साब!" तुम्ही कुत्रं खाता का, विचारायची. तुमचा देश म्हणजे चीनच ना, विचारायची. बाई असोत की सर, सगळ्यांना ती गंमत वाटायची. मी तोंड दाबून बुक्क्यांचा मार खात होते. वर हसतही होते, कारण हसलं की ते लवकर थांबतात हे मला कळलं होतं.

पण वाकायचं मात्र मला माहीतच नव्हतं. त्याचं कारण आहे. आमच्याकडे मुलगी कुणाच्या पाया पडत नाही. मुलगी देवीचं रूप. दसऱ्याला आई मुलीच्या कपाळाला टिळा लावते, बाप कानावर कोंब खोवतो, आणि मग टोपी काढून खाली वाकतो. आपलं कपाळ तिच्या पायाला लावतो. म्हातारे मामा, आजोबासुद्धा वाकतात. वर्षभर आमच्यातला बापही बापासारखाच वागतो, ओरडतो, पाणी आण म्हणतो. पण तो एक दिवस आम्हा मुलींचा असतो. आदल्या दिवशीच माझा बाप त्या खोलीत माझ्यापुढे वाकला होता. दिवसभर सगळ्यांना सलाम ठोकणारा माणूस. त्याच्या टकलावर कुंकू सांडलं होतं, मी हसले, तोही हसला. असं कपाळ घेऊन मी शाळेत गेले होते.

दुसऱ्या दिवशी बाप युनिफॉर्मवरच शाळेत आला. टोपी काढून वर्गाच्या दाराशी उभा राहिला. पोरांनी शिट्टी वाजवली. सरांनी त्याला आत बोलावलं, पोरांसमोर.

"बहादूर, पोरीला काही वळण लाव. गुरूच्या पाया पडत नाही ती. असं असेल तर दुसरी शाळा बघ."

बाप घाबरला. दुसरी शाळा कुठली? हीच किती हातापाया पडून मिळाली होती. त्याने माझ्याकडे पाहिलं. "पाया पड, छोरी," म्हणाला. मी मान हलवली. नाही.

मग तो सरांना म्हणाला, "साब, बच्ची है. उसके बदले मैं." आणि वाकला.

टोपी त्याच्या हातातून पडली. तेच टक्कल. केसांच्या कडेला दोन दिवसांपूर्वीचं कुंकू अजून राहिलेलं. सरांच्या चपलांवर त्याचं कपाळ टेकलं. सरांनी पाय मागे घेतले नाहीत. नको रे बाबा, ऊठ, असंही म्हणाले नाहीत. शिट्टी वाजवणाऱ्या पोरांनी माना खाली घातल्या. पोरांनासुद्धा कळलं होतं की काहीतरी भलतंच झालंय. सरांना तेवढं कळलं नाही.

मला लाज वाटली. आधी बापाची वाटली, हे खरं आहे. मग त्या लाजेचा राग झाला. तो राग आजवर गेलेला नाही आणि जावा असं मला वाटतही नाही.

मी बापाच्या दंडाला धरून ओढलं. मोडक्यातोडक्या मराठीत सरांना म्हणाले, "बा माझ्या पाया पडतो. तुमच्या नाही."

 सर वर्गाकडे वळून म्हणाले, "ऐका. राणीसाहेब काय म्हणतात ऐका."

तेव्हा कुठे पोरं पुन्हा हसली.

पाया पडेपर्यंत वर्गात बसायचं नाही, असं ठरलं. मी व्हरांड्यात बसले. खिडकीखाली. दिवाळीच्या सुट्टीपर्यंत तिथेच होते. आई रोज समजवायची, एकदा वाक, काय झिजतं?  आतून सरांचा आवाज यायचा, धडे यायचे, कविता यायच्या. मी ऐकून ऐकून मनात म्हणायची. मराठी मी अशी व्हरांड्यात बसून शिकले. आज लिहिते आहे ती तीच. कुणी मला मायेने शिकवली नाही, म्हणून तिचे उपकारही कुणाचे नाहीत. दिवाळीनंतर सरांनी तो विषय सोडून दिला. मला आत घेतलं, शेवटच्या बाकावर. 'राणीसाहेब' हे नाव दहावीपर्यंत चिकटून राहिलं.

पण त्यांनी जे न्यायचं ते नेलं होतं. पुढच्या दसऱ्याला आईने टोपलीखाली काही पेरलं नाही. माझ्या कपाळाला टिकलीएवढा ठिपका लावला. बाप माझ्यापुढे आला, टोपीला हात लावला, आणि थांबला. "इथं असं नसतं, छोरी," म्हणाला. "इथं मुलीच पाया पडतात." तो वाकला नाही. मीही वाकले नाही.  पुढची सगळी वर्षं आमचा दसरा असाच गेला. त्या पहिल्या रात्री मी रडले, देश सुटला तेव्हाही इतकी रडले नव्हते. शाळेने मला काय शिकवलं, असं कुणी विचारलं तर मी हे सांगते: माझ्या बापाला माझ्यापुढे वाकायची लाज वाटायला शिकवलं, आणि परक्यापुढे वाकायची सवय लावली.

आता मी नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. यंदा घटस्थापनेला मीच दुकानातून गहू आणले. कुणाच्या शेतातले मागितले नाहीत. टोपलीखाली पेरले. आईने बघितलं. दुसऱ्या दिवसापासून रोज सकाळी पाणी तीच घालत होती.

आज दसरा. सकाळी आईकडून टिळा लावून घेतला. कपाळभर. कोंब हातात घेतले आणि खोलीतून बाहेर पडून सरळ फाटकावर गेले. बाप खुर्चीवर बसला होता. कॉलनीतली माणसं पूजेची फुलं, आपट्याची पानं घेऊन येत-जात होती.

"बा, कोंब लाव," मी म्हणाले.

त्याने आजूबाजूला पाहिलं. "आत चल. इथं नको."

"इथंच."

तो उठला. तेवढ्यात सर आले. आता निवृत्त झालेत. हातात आपट्याची पानं, खिशाला घटाचा तुरा. बापाने त्यांच्याकडे पाहिलं. सलामासाठी हात वर जाईल असं मला वाटलं. तो गेला, पण टोपीकडे. बापाने टोपी काढली आणि खुर्चीवर ठेवली. माझ्या कानावर कोंब खोवले. मग फाटकात, येणाऱ्या-जाणाऱ्यांदेखत, माझ्या पायावर कपाळ ठेवलं. मी त्याला वाकायला सांगितलं नव्हतं.  मी पाय हलवला नाही.

सर थांबले. "काय गं हे? शिकली-सवरलेली तू. बापाला पाया पडायला लावतेस?"

"तुम्ही लावलं होतं, सर. पाचवीत."

"मला नाही बुवा आठवत."

"मला आठवतं."

त्यांनी पान पुढे केलं. "बरं, सोनं घे." मी घेतलं. ते उभेच राहिले. ते कशासाठी थांबलेत, हे त्यांनाही माहीत होतं आणि मलाही. मी ताठ उभी राहिले. शेवटी तेच निघून गेले.

नोकरी आहे म्हणून बाप उद्याही सलाम ठोकेल, हे मला माहीत आहे. ठोकू दे. पण यापुढे त्याचं कपाळ कुणाच्या चपलेवर टेकणार नाही. मी मधे उभी राहीन. उद्या हाच टिळा घेऊन मी कॉलेजला जाणार आहे. पुसून ये, म्हणणारं तिथेही कुणीतरी भेटेलच. भेटू दे. नळ कुठे आहे ते मला माहीत आहे. मी तिकडे जाणार नाही.