अब्बांची कबर आणि दादांचा तलाव

माझ्या वडिलांची कबर ज्या माणसानं पाण्याखाली घातली, त्याची आज पुण्यतिथी.

आणि मी सकाळपासून रडतेय.

सगळ्या ग्रुपवर दादांचा हार घातलेला फोटो फिरतोय. ‘माजी मंत्री’, ‘थोर लढवय्ये’ वगैरे. इतके कडक इस्त्रीचे कपडे मी त्यांच्या अंगावर कधी पाहिले नाहीत.

म्हणून म्हटलं, आपणच लिहावं. ऐंशी ओलांडली असली तरी टाईप मीच करते.

आमचं गाव मराठवाड्यातल्या भूमच्या अलीकडं. निजामाचं राज्य होतं. अब्बा कल्हईवाले, गावोगाव फिरून भांड्यांना कल्हई करायचे. दादा वकिली शिकलेले, पण भूमिगत. पोलीस मागावर. अब्बांनी त्यांना आपला गडी म्हणून सोबत घेतलं.

दिवसा भाता, रात्री बंदूक.

भाता मारायचं काम दादा इतकं वाईट करायचे की बायका म्हणायच्या, “उस्ताद, ह्यो गडी कुठून धरून आणला? जेवायला तेवढा चांगला दिसतोय!”

पुढं कुणीतरी चुगली केली. दादा निसटले, अब्बा सापडले. पोलिसांनी पत्ता विचारला. खूप मारलं. अब्बांनी सांगितला नाही. घरी आणून टाकलं, त्यानंतर ते उठलेच नाहीत.

मी लहान होते. मला अब्बांचा चेहरा आठवत नाही. त्यांची कबर आठवते. दर जुम्म्याला अम्मी तिथं जायची, मी तिचा पदर धरून.

संस्थान विलीन झालं. दादा उजेडात आले, आमदार झाले, मग पाटबंधारे मंत्री. अम्मीला ते आपा, म्हणजे थोरली बहीण, म्हणायचे. मंत्री झाल्यावरही आमच्याकडं आले की चुलीपुढं मांडी घालून बसायचे. पोलीस बिचारे दाराबाहेर उन्हात.

मी अठरा-एकोणीस वर्षांची असेन. तलावाची आखणी झाली आणि आमचं गाव बुडणार अशी बातमी आली. पण गाव निर्धास्त!

“आपला साहेब मंत्री असताना पाण्याची काय बिशाद गावात शिरायची?”

मग एके दिवशी दादा आले. जीप वेशीबाहेर ठेवून चालत, एकटेच. चावडीवर लोक जमले होते, तिकडं न जाता आधी आमच्या घरी आले. अम्मी भाकरी थापायला बसली. दादा उंबऱ्यातच उभे.

“आपा, आधी ऐका. मग वाटलं तर ताट वाढा.”

अम्मीचा हात थांबला.

“गाव उठणार. लई जागा बघितल्या, दुसरी न्हाय. मीच ठरवलंय.”

“मशीद?”

“जाईल.”

“मारुती?”

“त्योबी.”

 अम्मी हळूच म्हणाली, “आणि ह्यांची कबर?”

दादांनी टोपी काढली. 

“तीबी, आपा. तुम्ही म्हणाल तर हलवू. लागंल ते करतो.”

“निजलेल्या माणसाला उठवत न्हाईत, भाई.”

मला वाटलं आता ही त्यांना हाकलणार. तिच्या जागी मी असते तर हाकललं असतं, खरं सांगते.

अम्मी म्हणाली, “त्यांनी मार खाल्ला, पण तुमचं नाव घेतलं न्हाय. आज तुम्ही दुसऱ्याच्या तोंडी निरोप धाडला असता, तर परत ह्या दारात उभं केलं नसतं. हात धुवा.”

दादा जेवले. ताट पुसून उठले.

मग चावडीवर गेले. तिथं जे ऐकून घेतलं, ते आजचा एखादा नेता पाच मिनिटं ऐकणार नाही. एक म्हातारे शेतकरी होते, नाना. ते म्हणाले, “रझाकारांनी जाळलं न्हाय ते गाव तुम्ही बुडवणार व्हय?”

“व्हय, नाना. खालची सगळी गावं पाण्यावाचून बसल्यात. शिव्या मला द्या, त्यास्नी नको.”

लोकांनी दिल्या. पुढच्या निवडणुकीत गावानं त्यांना मत दिलं नाही. अम्मीनं दिलं आणि गावभर सांगितलं. दादा पडले.

सगळंच गोड होतं असं नाही. नव्या गावठाणात विहिरीला पाणी लागायला फार वेळ गेला. धरणासाठी उठलेलं गाव आणि बायका हंडे घेऊन वणवण! हे मी दादांना तोंडावर सुनावलं होतं. त्यांनी कारणं दिली नाहीत. “चुकलंच,” म्हणाले आणि कचेऱ्यांत खेटे घालून पाण्याची सोय करून घेतली. तेव्हा हाती मंत्रिपदही नव्हतं.

नंतर तो मोठा दुष्काळ आला. तलाव आटत गेला, तळ उघडा पडला. आणि एका सकाळी कुणीतरी सांगत आलं, कबरस्तान दिसतंय.

अम्मी अनवाणी निघाली. दादांना कुणी कळवलं देव जाणे, आम्ही दुपारी काठावर पोचलो तर तेही एसटीनं आलेले. धोतर धुळीनं माखलेलं. भेगाळलेल्या गाळातून आम्ही तिघं चालत गेलो.

अब्बांची कबर होती. तिथंच.

अम्मीनं पदरानं तिच्यावरचा वाळला गाळ पुसला. म्हणाली, “अजी, भाई आलेत तुमचे.”

दादांनी हात जोडले. मग अम्मीनं दुआ मागायला ओंजळ धरलेली पाहून स्वतःही तशीच उघडली. त्यांना धड काय करावं कळत नव्हतं.

इतक्या वर्षांनी नवरा भेटला होता तिला. मला वाटलं, ती आता उठायचीच नाही.

अम्मीनं दोन्ही हात वर केले. “या मालिक, लोक तहानलेत. पाणी पाड. ह्यांना परत झाकून टाक.”

दादा गाळात बसून लहान पोरासारखे रडले.

आज अम्मी नाही. दादाही नाहीत.

दादा, तलाव यंदा काठोकाठ भरलाय. तुमच्या आपाच्या लेकीचा सलाम घ्या.