आधी निवड!

आमच्या ब्रिस्टलच्या फिशिंग क्लबच्या तळ्यात मोठे पर्च मासे आहेत. त्यांना खाऊ म्हणून छोट्या माशांची बादली आली, तेव्हा आम्ही काठावर नुसते नाचत होतो. मी बादली ओतणार, तोच माझं मराठी ऐकून थांबलेल्या एक अनोळखी मावशी ओरडल्या, “थांब रे, आधी निवड!”

माझ्या डब्याच्या झाकणात थोडेथोडे मासे घेऊन, तांदूळ निवडावेत तसे त्या बोटाने सारू लागल्या. वर वळलेल्या तोंडाचा एक मासा त्यांनी चिमटीत धरला. “हा परका! आत गेला असता तर पर्चची अंडी खाऊन तळं याचंच झालं असतं.”

“चोरच की!” मी म्हणालो.

“त्याचा काय दोष? आणणाऱ्याने बघायला हवं.”

मग त्याला बाजूला ठेवून, बाकीचे निवडून झाल्यावर बादली त्यांनीच ओतली. पर्चनी झडप घातली, पाणी उसळलं, आणि आमच्याआधी त्याच किंचाळल्या, “घेतला रे, घेतला!”